कूलरच्या वाऱ्यात गेलेली गाणी

गाणी जमवायला माणसाचं आयुष्य जातं. किस्से मात्र फुकटात जमतात! एक सांगायला घेतला की दुसरा दारात चपला काढून उभाच असतो, ‘येऊ का आत?’ म्हणत. आमच्या बैठकीतली सगळी गाणी गेली त्या उन्हाळ्यात तर इतके किस्से साठले की आजही आम्ही एकत्र आलो की आधी तेच निघतात, गाण्यांचा नंबर नंतर.

बैठक म्हणजे जळगावातल्या नानांच्या घराची मागची खोली. नाना शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्रश ठेवला आणि खिशात मावेल असा रेकॉर्डर घेतला. खानदेशातली गावं फिरून बायकांची गाणी गोळा केली. जात्यावरची, हळदीची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची. ती सगळी त्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरात. ऐकायला आम्ही दर रविवारी दुपारी जमायचो. एक सुनंदाताई, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. त्यांचे वडील भीमगीतं गायचे, त्यांच्या कॅसेटही नानांनी त्याच कॉम्प्युटरात उतरवून ठेवल्या होत्या. दुसरे चोपड्याकडचे गिरधरभाऊ. केळीची फणी घेऊन यायचे आणि बसल्या जागी झोपायचे. तिसरा मी. माझं चष्म्याचं दुकान आहे. आठवडाभर लोकांचे डोळे तपासतो आणि रविवारी स्वतःचे मिटून बसतो.

*

आधी कॉम्प्युटर गेला कसा, ते ऐका.

जळगावचा मे महिना ज्याने काढला नाही त्याला तो सांगून पटत नाही. टाकीतलं पाणी आंघोळीला तापवावं लागत नाही, उलट निववावं लागतं. आम्ही नानांच्या त्या जुन्या लोखंडी कूलरसमोर पाय पसरून बसलो होतो. कोपऱ्यात कॉम्प्युटर गात होता आणि गाता गाता घरघर करत होता. नानांचं मन द्रवलं. “आपण ऐकणारे गारव्यात आणि गाणारा बिचारा उकाड्यात? हा कुठला न्याय!”

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, कॉम्प्युटरच्या खोक्याचं झाकण काढलं आणि कूलरचं तोंड सरळ त्याच्याकडे फिरवलं.

खरं सांगतो, त्या दुपारसारखी दुपार पुन्हा झाली नाही. वाळ्याचा ओला वास, खिडकीला लावलेला हिरवा पडदा, आणि कुठल्याशा गावातली एक बाई सावकाश जातं ओढत भावाला बोलावतेय. आम्ही सगळे कधी झोपलो ते कळलंच नाही. जाग आली ती गाणं थांबलं म्हणून. कॉम्प्युटरचा पडदा काळा, आणि उघड्या खोक्यात पाण्याचे बारीक बारीक थेंब.

सुनंदाताई उठल्या. सवयीने खोक्यावर हात ठेवून जरा वेळ थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “गेले.”

नाना भडकले. “आता वेळही लिहून घ्या!”

*

यातलं एक गाणं गेलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

नानांची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो, धरणगावजवळच्या एका खेड्यात राहते. पंचक्रोशीत कुणाकडे हळद असली की आधी अक्काला निरोप जायचा आणि मग मांडववाल्याला. ती पाटाजवळ बसून गायला लागली की चुलीपाशी बसलेल्या बायकासुद्धा हात पुसत बाहेर यायच्या. त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती नुसती कुजबुजते, तेही तिच्या तोंडाशी कान नेला तर ऐकू येतं.

तिची नात सोनी. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिने घरात सांगून टाकलं होतं, “माझ्या हळदीला पहिलं गाणं आजीचं लागेल. डीजे नंतर!” आजीचं हळदीचं गाणं एकाच ठिकाणी होतं. त्याच कॉम्प्युटरात.

नानांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. मला वाईट वाटलं. नाना चहाला नाही म्हणालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

*

धुळ्याला दिलीप नावाचा एक जण आहे, बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून माहिती काढून देतो. हार्ड डिस्क घेऊन नाना आणि मी एसटीने निघालो. धक्का लागू नये म्हणून नानांनी ती स्टीलच्या डब्यात घातली, डब्याला पांढरा पंचा गुंडाळला, वरून गाठ मारली आणि डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. चेहरा असा पडलेला की बघवत नव्हता.

एरंडोलपर्यंत माझ्या काही लक्षात आलं नाही. मग दिसलं, की गाडीत इतकी गर्दी असून नानांच्या अंगाला कुणी खेटत नाहीये. कंडक्टरने तिकिटं दिली तीसुद्धा खालच्या आवाजात. पारोळ्याला एक म्हातारी चढली. तिने डब्याकडे पाहिलं, हात जोडले आणि नानांच्या शेजारी बसून हळूच विचारलं, “कोन व्हतं भाऊ?”

नाना खिडकीबाहेर बघत होते. कापसाची मोकळी रानं मागे पळत होती. त्यांच्या डोक्यात त्या सगळ्या बाया असणार, दळणाऱ्या, झोके घेणाऱ्या.

“बठ्ठाच व्हतात, माय, सगळेच,” नाना म्हणाले.

म्हातारी धुळे येईपर्यंत रडत होती!

*

दिलीपचा फोन यायला पुष्कळ दिवस लागले. आला तेव्हा नानांनी तो स्पीकरवर टाकला आणि आम्ही सगळे फोनवर वाकलो.

“नाना, गाना बठ्ठा जित्ता शेतस! पन कोनी नाव सांगी नही ऱ्हायनं.”

म्हणजे गाणी मिळाली होती, पण त्यांची नावं पुसली गेली होती. कुठल्या गावचं, कुणी गायलेलं, काही कळायला मार्ग नाही. नुसते नंबर. काही गाण्यांची नुसती खरखर उरली होती, काही एकमेकांत घुसली होती. आणि आणखी एक गंमत झाली होती, नानांनी आजवर जे जे नको म्हणून पुसलं होतं, त्यातलंही बरंच वर आलं होतं. अर्धवट राहिलेली गाणी, गाण्याआधीच्या गप्पा, गाण्यानंतरचे खोकले.

“पुसलेलं कशाला काढलंस रे?” नानांनी विचारलं.

“मी कुठे काढलं? बोलावलं नव्हतं तरी तेच आधी आलं,” दिलीप म्हणाला. “लग्नात नाही का येत!”

*

अक्काशी फोनवर बोलायची नानांची एक पद्धत आहे. तिची कुजबुज फोनवर पोचत नाही. म्हणून नाना बोलतात आणि अक्का फोनवर बांगडी वाजवते. एकदा वाजली तर हो, दोनदा वाजली तर नाही. भावाबहिणीच्या तासतासभर गप्पा होतात अशा! बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, नाना एकटेच बडबडतायत आणि पलीकडे कुणीतरी भांडी लावतंय.

तिच्या गाण्याचा अजून पत्ता नव्हता. लग्न जवळ आलेलं. नानांना राहवेना, त्यांनी फोन लावला आणि आमच्यासमोर बिनदिक्कत थाप मारली. “अक्का, तुझं गाणं सापडलं बरं का! अगदी स्वच्छ आहे. आता काळजी करू नकोस.”

पलीकडून मग एक बांगडी वाजली. नानांनी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात दुसरी वाजली.

*

मग दुरुस्त होऊन आलेल्या कॉम्प्युटरात दिलीपने दिलेली गाणी भरली आणि आमचं नावं ठेवण्याचं काम सुरू झालं. पडदा ओढायचा, डोळे मिटायचे आणि एकेक गाणं ओळखायचं. कूलर आता भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखा उभा होता.

गाणारणी कुणाला ओळखू येणार? मग जे ऐकू येईल ते नाव. ‘कुकरची शिट्टी होते ते.’ ‘मध्ये पोर रडतं ते.’ ‘पत्र्यावर पाऊस, बहुतेक साक्रीकडचं.’ हळूहळू आम्हाला गाण्यापेक्षा गाण्याच्या मागचंच जास्त ऐकू यायला लागलं. कुठल्या अंगणात म्हैस आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, दळता दळता कुणाच्या अंगणात उन्हं आली. दुपारभर ती घरं आमच्या मिटल्या डोळ्यांपुढून सरकत राहायची. संध्याकाळी उठून बाहेर आलो की आपलाच रस्ता परक्या गावचा वाटायचा. मला ते दिवस फार आवडले होते. सांगायला हरकत नाही.

अशाच एका दुपारी झोपलेले गिरधरभाऊ दचकून उठले. “थांबा! मागे घ्या! हा माझा बैल!”

गाण्यात मागे लांबवर घंटी वाजत होती. गिरधरभाऊंच्या शेतात आता ट्रॅक्टर आहे. पण तरुणपणी त्यांचा एक बैल होता आणि अजूनही त्याचं नाव काढलं की ते हातातलं केळ खाली ठेवतात. “त्याच्या गळ्यातली घंटी अशीच, किंचित फुटकी,” ते म्हणाले आणि उपरण्याने तोंड पुसायला लागले. गाण्याला नाव पडलं, ‘गिरधरभाऊंचा बैल’.

ते गेल्यावर नानांनी गाणं पुढे ऐकलं. घंटी जवळ आली आणि पाठोपाठ आवाज आला, “गाऽऽरेगार! गारीगार घ्या!”

नानांनी तो शेवट तेवढा कापून टाकला. गिरधरभाऊ आजही दर रविवारी म्हणतात, “बैल लावा.”

*

सुनंदाताईंच्या वडिलांचंही एक गाणं सापडलं. पण ते जोडलं गेलं होतं भलत्यालाच. सुरुवातीला वडिलांचा तो करारी आवाज, हाताशी डफ, आणि ऐन वर गेलेल्या ओळीवर आवाज तुटून तिथून एकदम आखाजीच्या झोक्यावरच्या बायका सुरू होतात! दहा-पंधरा पोरी एका दमात, झोका वर जाताना किंचाळत.

नानांचा चेहरा उतरला. ताईंकडे वडिलांच्या आवाजाचं दुसरं काही नव्हतं, कॅसेट केव्हाच खराब झाल्या होत्या. “ताई, दिलीपला सांगून बघतो. वेगळं करता आलं तर…”

ताईंनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. ड्यूटीचा युनिफॉर्म अंगावर होता, पायाने ताल धरलेला.

“बाबांचे साथीदार एकेक करून पोटापाण्याला सुरतेला गेले,” त्या म्हणाल्या. “शेवटी शेवटी ते एकटेच गायचे. घरी येऊन म्हणायचे, मागे ओळ झेलायला कुणीतरी पाहिजे गं.” मग त्यांनी मोबाईल पुढे केला. “हे असंच राहू द्या. मला असंच द्या.”

*

पुसलेलं वर आलं होतं, त्यात आमच्याच बैठकीतलंही एक निघालं. नानांना कधीतरी स्वतः गायची लहर येते. नाना माणूस सोन्यासारखा, पण गळा म्हणाल तर ब्रशच बरा होता. एकदा ते गाऊन चहा टाकायला आत गेले आणि रेकॉर्डर चालूच राहिला होता.

खोलीत नानांचा तो षड्ज घुमला, संपला, चपलांचा आवाज आत गेला. आणि मग गिरधरभाऊंचा आवाज, अगदी ठसठशीत, “आयला, आमच्याकडे रानडुकरं हाकलायला हा आवाज किती उपयोगी पडेल!” त्यावर आम्ही सगळे खुसखुसतोय.

आता मात्र खोलीत कुणी हसेना. गिरधरभाऊ केळ सोलत होते ते तसेच थांबले. मी पंख्याकडे बघायला लागलो. नानांनी ते वाक्य मागे घेऊन पुन्हा ऐकलं. डोळे मिटून, मान कलती करून, अगदी मन लावून.

“रेकॉर्डिंग काय स्वच्छ आलंय हो!” ते म्हणाले.

*

आणि आता अक्काचं.

तिचं जे मूळ गाणं होतं, ते सापडलं तेव्हा त्यात नुसती खरखर होती. सुरुवातीला तिचा एक हुंकार आणि पुढे कणसं भाजल्यासारखा तडतड आवाज. नानांनी ते पुन्हा पुन्हा लावलं. मग उठून अंगणात गेले.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी, पुसलेल्यांच्या ढिगात, आम्हाला तेच गाणं पुन्हा भेटलं. रेकॉर्ड करताना पहिल्या खेपेला अक्का मध्येच थांबली होती, म्हणून नानांनी ते पुसून तेवढीच दोन कडवी पुन्हा, न खोकता, गाऊन घेतली होती. हे ते पहिल्या खेपेचं. आवाज असा, की खोलीतला उन्हाळा खाली बसला. दोन कडवी झाली आणि ती थांबली, खोकली. मग बोलणं.

“बस रे नाना. थकनू मी. बाकीनं सोनीनी हयदले गासू.”

रेकॉर्डरमधले तेव्हाचे नाना हसले. “अक्का, बाकीचं सोनीच्या हळदीला गाशील? ती अजून रांगतेय!”

“मंग काय व्हयनं? मी कथी पयी जाई ऱ्हायनू?”

मी कुठे पळून चाललेय, एवढं विचारलं आणि बंद.

 नाना म्हणाले, बोलणं कापूया, दोन कडवी तेवढी ठेवूया. अक्काला ऐकवायचं कसं हे? इतकी वर्षं त्यांनी गाण्याच्या पुढचं-मागचं कापलंच होतं, बोट कापायच्या बटणावर तयारच होतं. सुनंदाताईंनी त्यांचा हात धरला. “नाना, ते तिचं आहे. तुम्ही कोण कापणारे?”

दुसऱ्या दिवशी अक्काच्या अंगणात मांडव. सोनी पाटावर, अक्का शेजारी, दोघींच्या हातांना हळद. डीजेच्या त्या कपाटाएवढ्या खोक्यांतून अक्काचा आवाज निघाला आणि मांडव गप्प झाला. चुलीपाशी बसलेल्या बायका हात पुसत बाहेर आल्या. कुणी पदर डोळ्यांना लावला, कुणी सवयीने ओळ झेलली. अक्का मान खाली घालून ऐकत होती, दुसऱ्याच कुणाचं ऐकावं तशी.

दोन कडवी झाली. खोकला झाला. आणि मग सगळ्या मांडवाने ते ऐकलं, बाकीनं सोनीनी हयदले गासू. मी कथी पयी जाई ऱ्हायनू, यावर दोघी-तिघी हसल्याही, आणि मग एकदम थांबल्या.

नाना खांबाला टेकले. मला वाटलं, चुकलं आपलं.

अक्काने मान वर केली. जरा वेळ त्या खोक्यांकडे बघितलं. मग सरकली, हळदीच्या दोन्ही हातांनी सोनीचं तोंड धरलं, आणि तिच्या कानाला तोंड लावलं.

डीजेवाल्याने न सांगता जनरेटर बंद केला. तरी आम्हाला काही ऐकू येईना. नुसते ओठ हलताना दिसत होते. सोनीने डोळे मिटले. एके ठिकाणी हसली. एके ठिकाणी तिची हनुवटी थरथरली. अक्काच्या मनगटावर तिचं बोट ताल देत होतं, त्यावरून आम्हाला कळत होतं की अजून चाललंय, अजून चाललंय. सगळा मांडव उभ्याचा उभा, कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही.

नानांचा हात खिशात गेला. जन्माची सवय! रेकॉर्डर काढून ते हळूहळू पुढे सरकले आणि दोघींच्या मध्ये धरला. सोनीने डोळे न उघडता हात उचलला आणि हळदीने भरलेला अख्खा तळवा त्या रेकॉर्डरवर ठेवला.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर नानांना राहवेना. ते सोनीजवळ गेले, मी मागेच होतो. “सोने, एवढं तरी सांग. पुढची कडवी कोणती गायली ती?”

सोनीच्या एका कानाला अजून हळद होती.

“तुम्हाला नाही सांगणार, नाना,” ती म्हणाली. “तुम्ही लगेच कॉम्प्युटरमध्ये टाकाल.”